मुंबई ते गोवा : दोऱ्याचे अंतर आणि घड्याळाचे

पृथ्वीच्या मोठ्या गोलावर मुंबईच्या विमानतळापासून गोव्यातील दाबोळीपर्यंत दोरा ताणून धरला, तर त्याने दाखविलेले अंतर सुमारे ४२५ किलोमीटर भरते. जेट विमानाचा वेग ताशी सुमारे ८०० किलोमीटर. त्रैराशिक मांडावे, तर उत्तर बत्तीस मिनिटे येते. वेळापत्रक मात्र सव्वा तासाच्या आसपास सांगते. मग खोटे कोण?

खोटे कोणीच नाही. वेळापत्रकाचे घड्याळ विमान जागेवरून हलताच सुरू होते आणि दुसऱ्या तळावर ते आपल्या जागी उभे राहिले म्हणजे थांबते. धावपट्टीपर्यंत जाणे, तेथे रांगेत खोळंबणे, वर चढणे, खाली उतरणे, सारे त्यात आले. इतक्या आखूड प्रवासात पुरता वेग लाभतो तो काही मिनिटेच. विमान वर पोहोचते न पोहोचते तोच उतरण सुरू होते. शिवाय मार्ग उत्तर-दक्षिण, तर दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्या पूर्व-पश्चिम. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडते आणि तसेच उतरते. पश्चिमेचा वारा असला म्हणजे मुंबईहून ते आधी समुद्राकडे झेपावते व मग दक्षिणेस वळते. गोव्याशी आल्यावर पूर्वेकडे वळसा घालून, पुन्हा समुद्राकडे तोंड करून टेकते. हे वळसे दोऱ्याला कोठून कळावे?

दाबोळीचा तळ पोर्तुगीज अमदानीत १९५५ मध्ये सुरू झाला. त्या काळात तेथून विमान जाई ते बाराशे किलोमीटरांहून दूर असलेल्या कराचीला. इतक्या जवळच्या मुंबईला नव्हे. ती अडचण १९६१ च्या डिसेंबरात गोवामुक्तीबरोबर सरली.

५ जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातील मोपा येथूनही प्रवासी विमाने सुटू लागली. मोपा मुंबईला पस्तीसेक किलोमीटरांनी जवळ. वेळापत्रकात मात्र त्याचा लाभ फारसा दिसत नाही. खरा लाभ-तोटा जमिनीवरचा. सावंतवाडीच्या माणसाला मोपा हाताशी आहे. काणकोणच्या माणसाला तेथे उतरल्यावर जवळजवळ अवघा गोवा ओलांडावा लागतो. बोलताना मात्र दोन्ही तळ ‘गोवा’च.

एरवी हा फरक चालून जातो. परंतु आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला की मुंबईतला मुलगा हाती येईल ते तिकीट काढतो. घरून विमानतळ गाठणे, तपासणीसाठी बराच आधी हजर राहणे, उतरल्यावर सामान, मोटार आणि गावचा रस्ता. सव्वा तासाचे पाच-सहा तास सहज होतात. काणकोणातील माणसे मात्र सव्वा तास मनात धरून दाराकडे डोळे लावून बसलेली असतात. अशा वेळी निघतानाच दारी पोहोचण्याची वेळ कळवावी, आणि तळाचे नावही. नाही तर आणायला गेलेली मोटार दाबोळीला उभी आणि मुलगा मोपाला, असे व्हायचे.