कापूस वेचणाऱ्या घरातली गिटार

सुट्टीत माझा भाचा आला होता. दिवसभर कानात ते बोंडुक आणि मान आपली हलतेय. म्हटलं, काय ऐकतोस बाबा? त्याने एक कान मला दिला. गिटारीचा नुसता दणदणाट! म्हणाला, "मावशी, याला रॉक म्हणतात. हे तुमच्या रेडिओवर लागायचं नाही. आता अमेरिकेतल्या रेडिओवरसुद्धा नवं रॉक फारसं लागत नाही."

माझं कामच रेडिओचं, त्यामुळे ते शेवटचं वाक्य मनाला लागलं. शोध घेत गेले, आणि गोष्ट निघाली आपल्या शेजारची.

रॉक म्हटलं की लांब केसांचे बाप्ये डोळ्यापुढे येतात. पण त्याच्या मुळाशी एक बाई आहे, सिस्टर रोझेटा थार्प. जन्म १९१५ चा, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातला. गावाचं नावच कॉटन प्लांट, म्हणजे कपाशीचं झाड! आईबाप काळे, कापूस वेचणारे. आई देवाची गाणी म्हणायची. पोरगी लहानपणीच गिटार शिकली. पुढे विजेवरची गिटार गळ्यात अडकवून तीच देवाची गाणी ती अशी वाजवायची, की बसलेल्या माणसाचे पाय हलायला लागायचे. चक बेरी, एल्व्हिस प्रेस्ली हे पुढचे मोठे गायक तिला ऐकतच घडले. ती गेली १९७३ साली. तिच्या थडग्यावर कित्येक वर्षं नावाचा दगडही नव्हता. रॉकच्या मानकऱ्यांत तिचं नाव लागलं ते थेट २०१८ साली. बाईचं श्रेय असं चालत चालत येतं.

हे संगीत घराघरात पोचवलं रेडिओने. मेम्फिस शहरात जुलै १९५४ मध्ये ड्यूई फिलिप्स नावाच्या निवेदकाने एका अनोळखी पोराची तबकडी लावली. फोनवर फोन आले, तशी त्याने तीच पुन्हा पुन्हा लावली. तो पोरगा एल्व्हिस. कुणाला विचारायला जावं लागलं नाही. निवेदकाला आवडलं, ऐकणाऱ्यांना आवडलं, झालं.

मग १९९६ साली तिकडे कायदा बदलला. तोवर एका कंपनीला देशभरात चाळीसच रेडिओ केंद्रं घेता यायची. ती अट उठली, आणि काही वर्षांत क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीकडे हजारावर केंद्रं गेली. कुठल्या गावात काय वाजवायचं, हे लांबच्या कचेरीत ठरू लागलं. तीच ठरावीक, आधी गाजलेली गाणी. निवेदकाचा आवाजही पुष्कळदा दुसऱ्या शहरात भरून ठेवलेला. नव्या पोरांच्या रॉकला जागा उरली नाही. आणि पोरं तरी कशाला थांबतात? ती मोबाईलकडे गेली.

सगळा दोष कायद्याचा नाही, आवडही बदलली. २०१७ मध्ये तिकडे हिप-हॉप आणि आर अँड बी या गाण्यांनी रॉकला मागे टाकलं. त्याचं मला वाईट वाटत नाही, तीही काळ्या वस्त्यांतूनच आलेली गाणी. वाईट याचं वाटतं, की आज एखादी रोझेटा अशा केंद्राच्या दारात गेली, तर तिचं गाणं हातात घ्यायला आत माणूसच नसायचा.

आपल्याकडे २००६ पासून संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळते. नियम असा, की निदान निम्मे कार्यक्रम गावच्या लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत. पण खरं सांगते, वेळ भरायला सिनेमाचं गाणं लावणं सोपं पडतं, आणि मीही ते करते. मागच्या पंधरवड्यात बचत गटातल्या एका आजींनी मला जात्यावरच्या ओव्या सांगितल्या, तासभर. ते रेकॉर्डिंग अजून माझ्या मोबाईलमध्येच पडून आहे.

या रविवारी सकाळी दहाला लावते. आजी, ऐकत असाल तर राहिलेल्या ओव्या घेऊन शुक्रवारी केंद्रावर या. आणि कुणाच्या घरात गिटार वाजवणारी पोरगी असेल, तर तिलाही घेऊन या.