जीवशास्त्र आमच्या मुलांनी शिकावे
(शीळफाटा येथे शेतकरी व कारागीर पालकांपुढे केलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की घरोघर एकच प्रश्न उभा राहतो : अकरावीला काय घ्यावे? पोराने विज्ञान घेतले, तरी जीवशास्त्राचे नाव निघताच आपण म्हणतो, "ते डॉक्टरांच्या पोरांचे काम. आपल्याला ती लांबलचक इंग्रजी नावे कुठली पाठ व्हायला?" हा समज घातकी आहे. या विषयाला पाठांतराआधी डोळे लागतात, आणि डोळ्यांनी पाहण्यात शेतकऱ्याचे लेकरू कोणाला हार जाणारे नाही.

कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे आमच्या सगळ्या मायबहिणी जाणतात. का सुटते? बाहेर मीठ जास्त झाले, म्हणून कैरीच्या पेशींतले पाणी पातळ पापुद्र्यातून बाहेर ओढले जाते. बारावीच्या पुस्तकात यालाच ऑस्मॉसिस, म्हणजे परासरण म्हणतात. आता खाडीकाठी चला. बांध फुटून खारे पाणी खाचरात शिरले, की भात पाण्यात उभे असूनही करपते; कारण इतके खारट पाणी त्याच्या मुळांना ओढून घेता येत नाही. शेजारचे तिवर मात्र हिरवेगार! त्याची मुळे बरेचसे मीठ आत येऊच देत नाहीत, आणि जे येते ते पाने बाहेर टाकतात. चिखलात हवा नाही, म्हणून त्याची श्वासमुळे चिखलावर डोके काढतात. आमच्या पोरांनी हे सारे पाहिलेले आहे. फक्त त्याचे कारण त्यांना कोणी सांगितलेले नाही.

ज्या मेंडेलच्या नियमांवर आनुवंशाचा सारा धडा उभा आहे, तो 1822 साली शेतकऱ्याच्या घरी जन्मला. मठाच्या बागेत वर्षानुवर्षे वाटाणे लावून आणि मोजून त्याने ते नियम काढले व 1866 साली छापले. कर्जतच्या भात संशोधन केंद्रात आज नवी वाणे तयार होतात, ती याच संकराच्या विद्येवर. मग त्या केंद्रात संशोधक म्हणून आमची मुलगी का बसू नये?

या अज्ञानाची किंमत आम्ही जिवाने देतो. पावसाळ्यात बांधावर घोणस चावली, की अजून कित्येक ठिकाणी आधी भगताकडे धाव घेतात. घोणशीचे विष रक्त गोठण्याची शक्ती बिघडवते. त्यावर दवाखान्यातले प्रतिविष हाच उतारा. हे शिकलेले एक पोर घरात असले, तर तो मोलाचा तास फुकट जाणार नाही.

अडचणी आहेत, त्या आम्ही झाकत नाही. कॉलेजात हा विषय बहुधा इंग्रजीतून शिकवतात, आणि मराठी शाळेतले पोर पहिल्या दोन महिन्यांत बिचकते. त्याने मराठी-इंग्रजी शब्दांची वही करावी. गोष्ट आधी मराठीत समजून घ्यावी, नाव मागाहून आपोआप बसते. वैद्यकीच्या नीट परीक्षेत 720 पैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत, आणि ती परीक्षा मराठीतूनही देता येते. शिकवणीची भारी फी झेपत नसेल, तर सरकारी पाठ्यपुस्तक ओळ न ओळ वाचावे, आकृत्या हाताने काढाव्यात. बोर्डाच्या 100 गुणांपैकी 30 प्रात्यक्षिकाचे असतात. तेव्हा प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक आहे की नुसती कुलूपबंद खोली, हे पालकांनी स्वतः जाऊन पाहावे. गणित व जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. झेपेल त्याने दोन्ही घ्यावेत, म्हणजे पुढची वाट अडत नाही.

डॉक्टर झाला नाही म्हणजे शिक्षण वाया गेले, असेही मानू नका. परिचारिका, गुरांचा डॉक्टर, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, शेतीचा व मासळीचा पदवीधर, या साऱ्या वाटा येथूनच फुटतात.

आणि शेवटचे, मुलींविषयी. मुलगा अभ्यासाला बसला की घर गप्प होते; मुलगी बसली की तिला पाण्याचा हंडा आठवून देतात. शीळ, डायघर, देसई, खिडकाळीच्या बंधूंनो, रोज संध्याकाळचे दोन तास तिच्या हातून काम काढून घ्या आणि ते तुम्ही करा. एवढे केलेत, तर आमचे आजचे बोलणे कारणी लागले.