लहान मूल आणि परदेशचा वसंत

फाल्गुन सरत आला, की सत्तरीच्या गावागावांतून शिगम्याचे ढोल हळूहळू विसावतात. डोंगरउतारावरच्या बागांतून काजूचे बोंडू वेचण्याची धांदल चाललेली असते आणि वाळपईच्या बाजारातला रस्ता भर दुपारी उन्हाने ओस पडू लागतो. याच सुमारास घराघरांतून एक प्रश्न निघतो : यंदाच्या सुटीत कोठे जायचे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. आजोळ, नाहीतर एखादे देवस्थान, फार तर मुंबईचे नातेवाईक. आता मात्र मध्यम स्थितीतल्या कुटुंबातही परदेशाचे नाव सहजपणे निघू लागले आहे. त्यात नवल करण्यासारखे काही नाही. परंतु घरात तीन-चार वर्षांचे मूल असेल, तर या बेताचा विचार थोडा निराळ्या रीतीने करावा लागतो.

अशाच एका घराची कल्पना करावी. नवरा-बायको दोघेही नोकरी करणारी, मुलगी चार वर्षांची आणि घरात आजी. पाच-सहा वर्षांच्या काटकसरीतून थोडी पुंजी जमली आहे. दोघांनी वहीत बेत आखला आहे : एप्रिलमध्ये निघायचे आणि दहा दिवसांत लिस्बन, माद्रिद, पॅरिस व रोम पाहून परतायचे. पैसे एकदा खर्च व्हायचेच आहेत, तर जेवढे पाहता येईल तेवढे पाहून घ्यावे, असा त्यांचा हिशेब. आजी तो बेत ऐकून घेते आणि म्हणते, “एवढ्याशा पोरीला त्यातले कळणार काय? आणि मोठी झाल्यावर तिला आठवणार तरी काय?”

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मानसशास्त्राचे अभ्यासकही सांगतात, की बहुतेक माणसांची सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते आणि त्यानंतरच्याही दोन-तीन वर्षांतल्या आठवणी तुटक व विरळ असतात. मुलीने हा प्रवास जन्मभर लक्षात ठेवावा, एवढ्याच हेतूने जायचे असेल, तर तो आणखी चार-पाच वर्षे लांबणीवर टाकणे शहाणपणाचे ठरेल. पण एरवी नोकरीच्या व्यापात गुंतलेल्या आईबापांनी दहा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत मुलीच्या सहवासात राहावे, नवे जग तिच्या डोळ्यांनी पाहावे, असा हेतू असेल, तर हेच वय उत्तम होय. मात्र मग वहीतला तो बेत तसाच ठेवून चालणार नाही. प्रवासाचा आराखडा मुलीच्या दिनक्रमाकडे पाहून आखावा लागेल आणि चार शहरांऐवजी एकावर समाधान मानावे लागेल.

ते एक शहर लिस्बन असावे, हे गोमंतकातल्या कुटुंबाला स्वाभाविक वाटेल. वास्को द गामा १४९७ च्या जुलैत लिस्बनहून निघाला, तो १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला पोचला. तेथे जाऊन पोचायला त्याला दहा महिने लागले. आज वाळपईहून साखळी-डिचोलीमार्गे पेडण्याची वाट धरावी, २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेल्या मोपाच्या विमानतळावर पोचावे आणि एक-दोनदा विमान बदलून दुसऱ्या दिवशी लिस्बनला उतरावे, इतके हे अंतर आटले आहे. अंतर आटले, तरी मुलाचे शरीर मात्र पूर्वीचेच आहे. उन्हाळ्याच्या वेळापत्रकात, म्हणजे मार्चच्या शेवटच्या रविवारपासून पुढे, लिस्बनचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते. वाळपईत रात्री साडेआठला झोपणारी मुलगी तेथे दुपारी चारलाच डोळे चोळू लागेल आणि पहाटे दोन वाजता ताजीतवानी होऊन खेळायला मागेल. ही अवस्था तीन-चार दिवस टिकते. अशा स्थितीत तिसऱ्या दिवशी माद्रिद आणि पाचव्या दिवशी पॅरिस गाठणे म्हणजे मुलीचे हाल आणि आईबापांच्या पैशांचा अपव्यय.

तेव्हा पहिले दोन दिवस कोणतेही स्थळ पाहण्याचा आग्रह धरू नये. सकाळच्या कोवळ्या उन्हात बाहेर पडावे, दुपारी थोडी झोप घेऊ द्यावी आणि संध्याकाळी पुन्हा उजेडात फिरवावे. एप्रिलच्या अखेरीस तेथे सूर्य रात्री आठनंतर मावळतो, त्यामुळे संध्याकाळ लांबलचक मिळते. हवा दिवसा वीस अंशांच्या आसपास आणि रात्री बारा अंशांपर्यंत असते. मधूनमधून पाऊसही येतो. सत्तरीच्या उन्हातून गेलेल्या मुलीला ती चांगलीच थंडी वाटेल. एक जाड कोट घेण्यापेक्षा एकावर एक चढवता-उतरवता येतील असे दोन-तीन पातळ कपडे घ्यावेत.

तयारीला आदल्या दिवाळीपासूनच लागावे. लहान मुलाचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतो आणि त्यासाठी साधारणपणे दोन्ही पालकांची संमती लागते. पोर्तुगाल शेंगेन देशांपैकी असल्यामुळे तेथल्या व्हिसाचे नियम या सर्व देशांना सामाईक आहेत. अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करता येतो. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे किमान तीन महिने चालणारा हवा आणि तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा हवा. जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो शुल्क आहे. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. तथापि त्यांचाही अर्ज स्वतंत्र करावा लागतो. व्हिसा नाकारला गेला, तर भरलेले शुल्क परत मिळत नाही. म्हणून व्हिसा हाती येण्यापूर्वी रक्कम बुडेल अशी तिकिटे काढण्याचा मोह टाळावा. स्वस्त तिकिटाच्या ओढीने वर्षांची बचत एका दिवसात गमावण्याचा धोका तेथेच असतो.

पैशाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, काळजी प्रकृतीची घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागात २०२४ साली गोवराचे सव्वा लाखाहून अधिक रुग्ण नोंदले गेले. १९९७ नंतरचा तो सर्वांत मोठा आकडा होता. आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुढे दीड वर्षाच्या सुमारास अशी दोनदा दिली जाते. मुलीची लसीकरणाची पुस्तिका उघडून या दोन्ही नोंदी आहेत की नाहीत, हे निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना दाखवावे. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत असावीत. विमान उतरू लागते तेव्हा लहान मुलांचे कान दुखतात. त्या वेळी घोट घोट पाणी पाजावे किंवा काही चघळायला द्यावे, म्हणजे गिळण्याच्या क्रियेने कानाचे दडे सुटतात.

लिस्बन हे चढउतारांचे शहर आहे. तेथल्या पदपथांवर छोट्या दगडांची नक्षीदार फरसबंदी असते; ती दिसायला सुरेख, पण पावसात निसरडी आणि बाबागाडीला त्रासदायक. मुलगी दमली, तर पाठीशी घेता येईल अशी झोळी जवळ असलेली बरी. दिवसाला एकच मोठे स्थळ ठरवावे. एक दिवस बेलेंचा जेरोनिमुश मठ. वास्को द गामाची समाधी तेथल्या चर्चमध्येच आहे. मठ सोमवारी बंद असतो, हे ध्यानात ठेवावे. एक दिवस १९९८ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी उघडलेले भव्य मत्स्यालय. एक दिवस तेजो नदीच्या फेरीबोटीतून पलीकडच्या काठापर्यंत नुसती ये-जा. मोठ्यांना ही फेरी किरकोळ वाटेल. मुलीला मात्र बहुधा हीच सर्वांत अधिक आवडेल. जेवणाचीही फारशी अडचण नाही. पोर्तुगीज लोक भात आवडीने खातात आणि दालचिनी भुरभुरलेली त्यांची तांदळाची खीर आपल्या मुलांच्या जिभेला परकी वाटत नाही.

याहून मोठा आनंद शब्दांचा आहे. मुलगी घरात ‘चावी’ म्हणते, ‘बटाटा’ म्हणते, ‘पाव’ मागते, पाण्याची ‘बालदी’ पाहते. शेजारच्या घरात खिडकीला ‘जनेल’ आणि चर्चला ‘इगर्ज’ म्हणतात, हे तिच्या कानांवर असते. हे सारे शब्द पोर्तुगिजांच्या गलबतांतून आले आणि आपल्या घरांत मुरले. लिस्बनच्या बाजारात बटाट्यांच्या ढिगावर ‘बटाटा’ हेच नाव लिहिलेले आहे, असे बाबांनी वाचून दाखवले, तर त्या अनोळखी शहरात तिला एकदम ओळखीचे काही सापडेल. राजवाडे आणि चित्रसंग्रह यांची गोडी पुढे लागेल. चार वर्षांच्या मुलीला एवढी ओळख पुरेशी आहे.

या सर्व प्रवासाची रंगीत तालीम घरच्या घरी करता येते. निघण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी वाळपईहून जुन्या गोव्याला जावे. बॉम जेझूचे चर्च, समोरचे से कॅथेड्रल, तेथून चालत विजरईची कमान आणि पुढे दिवाडीची फेरीबोट. ही कमान वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्कु द गामा याने व्हाइसरॉय असताना उभारली आणि तीवर वास्को द गामाचा पुतळा आहे. तो मुलीला दाखवून ठेवावा, म्हणजे लिस्बनला त्याच माणसाची समाधी पाहताना ओळखीचा धागा जुळेल. त्या दिवशी मुलगी किती चालते, किती वेळाने भूक म्हणते, कोठे बसकण मारते, याचीही नोंद घ्यावी. जुन्या गोव्यात ती तासाभरात थकत असेल, तर लिस्बनमध्ये ती तीन तास चालेल अशी अपेक्षा बाळगण्यात अर्थ नाही.

अशी तालीम करून आलेले ते जोडपे रात्री पुन्हा वही उघडील आणि माद्रिद, पॅरिस, रोम या नावांवर रेघ मारील, अशी आशा करायला हरकत नाही. वाचलेल्या पैशांत कदाचित चौथे तिकीट बसेल. तसे झाले, तर आजीचा अर्धा प्रश्न तरी सुटेल. मुलगी विसरली, तरी घरात आठवण सांगणारे एक माणूस अधिक असेल. आणि पुढच्या शिगम्याच्या दिवसांत ओसरीवर बसून, नातीने लिस्बनच्या बाजारात बटाटे कसे ओळखले, ही हकीकत तिला तीच सांगत राहील.