बंद हार्डवेअरला काय आठवतं?



अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. ती बाजूला ठेवून मी चिपमधल्या एकाच भागाबद्दल बोलणार आहे: आयओएमएमयू. कॅमेरा, डिस्प्ले, व्हिडिओ डीकोडर जो पत्ता मागतात, त्याचा मेमरीतला खरा पत्ता शोधून देणारा हा भाग. बॅटरी वाचवायची तर काम नसताना त्याचीही वीज तोडावी लागते, आणि तिथे भल्याभल्यांची कसोटी लागते.

लिनक्स कर्नलमध्ये रनटाइम पॉवर मॅनेजमेंट २००९ साली, २.६.३२ या आवृत्तीत आलं. हिशेब साधा आहे: डिव्हाइस वापरायला घेतलं की काउंटर वाढवा, काम झालं की कमी करा, शून्यावर आला की वीज बंद करता येते. पण आयओएमएमयूला स्वतःचं असं काम नसतं. डीकोडर चालायचा असेल तर हा त्याच्या आधी जागा हवा. हे नातं पूर्वी जो तो आपापल्या ड्रायव्हरमध्ये कसंबसं बसवत असे. २०१७ मध्ये ४.१० आवृत्तीत डिव्हाइस लिंक आल्या, आणि कोण कोणावर अवलंबून आहे हे कर्नललाच सांगता येऊ लागलं.

खरी अडचण पुढेच आहे. डीकोडर थांबलाय, आयओएमएमयू बंद आहे, आणि प्रोग्रॅमने एक बफर परत केला. पत्त्यांच्या नोंदी ठेवणारं पेज टेबल साध्या मेमरीत असतं, त्यातली नोंद लगेच काढता येते. पण तोच पत्ता टीएलबीतही, म्हणजे आधी शोधलेले पत्ते लक्षात ठेवणाऱ्या आयओएमएमयूच्या छोट्या साठ्यातही, असू शकतो, आणि तो पुसायला रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. बंद भागाच्या रजिस्टरला हात लावला तर कित्येक चिपवर बस अडकते आणि अख्खी सिस्टिम गोठते. मग त्याला उठवायचं? अनमॅप, म्हणजे नोंद काढण्याचं हे काम, अनेकदा स्पिनलॉक धरलेला असताना होतं. क्लॉक आणि रेग्युलेटर चालू होईपर्यंत तिथे थांबता येत नाही. अशा वेळीही उठवता यावं म्हणून काही जण 'आयआरक्यू सेफ' अशी खूण करून मोकळे होतात. त्या खुणेमुळे वरचं पालक-डिव्हाइस कायम चालू राहतं, म्हणजे वाचवायला निघालेली वीज तिथे जाते.

माझं ठाम मत आहे की त्याला उठवूच नये. वीज गेल्यावर टीएलबीतल्या नोंदींवर विसंबता येत नाही, म्हणून पुन्हा चालू करताना पेज टेबलचा पत्ता नव्याने भरायचा आणि संपूर्ण टीएलबी रिकामा करायचा. एवढं पाळलं की बंद असतानाचं पुसणं सोडून देता येतं. मात्र क्रम चुकता कामा नये. आधी टेबलातली नोंद काढा, ती हार्डवेअरला दिसेल याची खात्री करा, आणि मगच पॉवर आहे का ते विचारा. उलटं केलंत, तर 'बंद आहे' हे उत्तर मिळणं आणि नोंद निघणं यांच्या मधल्या फटीत तो भाग जागा होतो आणि जुनाच पत्ता उचलतो. मग डीकोडर अशा पानावर लिहितो, जे एव्हाना दुसऱ्याच प्रोग्रॅमला मिळालेलं असतं. वीजबचतीचं काम 'नंतर बघू' म्हणून ढकलणाऱ्यांशी माझा वाद आहे तो यासाठी. हा मेमरीच्या सुरक्षिततेचाच प्रश्न आहे.

'पॉवर आहे का' हे विचारणारं फंक्शनही नीट वाचायला हवं. 'पीएम रनटाइम गेट इफ इन यूज' वापरात असेल तर एक देतं, नसेल तर शून्य, आणि रनटाइम पीएम सुरूच केलेलं नसेल तर ऋण संख्या. शून्य आणि ऋण यांना एकच समजणारा कोड पॉवर मॅनेजमेंट वगळून बांधलेल्या कर्नलवर टीएलबी कधीच पुसत नाही, आणि तिथे तर हार्डवेअर कायम चालूच असतं! रिव्ह्यूमध्ये अशी ओळ सहज निसटते, कारण आपल्या बोर्डावर सगळं सुरळीत चाललेलं असतं.

चिप डिझाइन करणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे: मॅन्युअलमध्ये प्रत्येक रजिस्टरपुढे, वीज गेल्यावर त्यातली किंमत टिकते की जाते, हे लिहा. आज ते आम्हाला बोर्डावर प्रयोग करून शोधावं लागतं. आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनो, सस्पेंड-रिझ्यूम चालू असताना सतत मॅप-अनमॅप करणारी चाचणी पॅचसोबत पाठवा, आणि पाठवण्याआधी ती पॉवर मॅनेजमेंट असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही कर्नलवर चालवा.