मायोर्काला जाणारी सायकल आणि तिच्याबरोबरचे सामान

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



संगीत, नाट्य आणि संतवाङ्मय यांच्या पंगतीला यंदा सायकल आणून बसविल्याबद्दल काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु मंडळातील काही तरुण-तरुणी येत्या वसंतात सायकलच्या सरावासाठी स्पेनच्या मायोर्का बेटावर जावयाच्या विचारात आहेत आणि त्यांच्या घरांतून आमच्याकडे एकच प्रश्न येत आहे : बरोबर काय काय द्यावे? प्रश्न दिसावयास साधा आहे. पण घरची शिल्लक त्यात पडावयाची असते, आणि आपले मूल परक्या मुलखातल्या घाटातून ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने खाली उतरावयाचे असते. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देणे भाग आहे.

१९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती पुरी केली आणि १९२८ साली ते परतले. वाटेतल्या वाळवंटांत त्यांना सायकलचे दुकान कोठून भेटणार? लागेल ते सारे पाठीशी बांधूनच न्यावे लागे. मायोर्काची गोष्ट नेमकी उलट आहे. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत युरोपभरचे सायकलपटू, अगदी व्यावसायिक संघसुद्धा, तेथे सरावासाठी उतरतात. अल्कुदिया आणि पोर्ट दे पोयेंसा या किनाऱ्यावरच्या गावांत सायकलींची चांगली दुकाने आहेत. ट्यूब, टायर, चेन, अंगावरचे कपडे, जे विसरेल ते तेथे पैसे टाकून मिळते. तेव्हा आमचा पहिला सल्ला असा की, जे तेथे विकत मिळत नाही त्याची चिंता आधी करावी; बॅगेतली जागा आणि घरातली झोप दोन्ही वाचतात.

विकत न मिळणारी पहिली वस्तू म्हणजे अंगवळणी पडलेली बैठक. सायकल तेथे भाड्याने मिळते, चांगली मिळते, आणि पहिल्याच खेपेस जाणाऱ्याने ती भाड्यानेच घ्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र स्वतःचे बूट, स्वतःची पेडले, स्वतःची सीट आणि स्वतःचे हेल्मेट अवश्य न्यावे. पेडलच्या मध्यवर्ती आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची आणि सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून कागदावर टिपून ठेवावे. सात दिवस रोज चार-पाच तास बसावयाचे असेल तर सीट एक सेंटिमीटर खाली-वर झालेली गुडघ्याला चांगलीच समजते. भाड्याची सायकल घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्याकडील नेहमीच्या सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. तेथे तो बहुधा डाव्या हाताला असतो. दुकानदारास सांगितल्यास तो बदलून मिळण्याजोगा असतो. न बदलल्यास निदान सपाट रस्त्यावर हाताला त्याची ओळख करून द्यावी.

ज्यांना आपलीच सायकल न्यावयाची आहे त्यांनी बांधाबांधीची रंगीत तालीम घरी दोनदा करावी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावीत बसल्यास ते अधिकच घट्ट बसते. सीटच्या दांड्यावर पूर्वीच्या उंचीची खूण म्हणून चिकटपट्टी लावावी. मागचा डिरेलर उतरवून कापडात गुंडाळावा, कारण खोका पडला की पहिला मार त्यालाच बसतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असल्यास चाक काढल्यावर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची घडी घालावी. नाही तर वाटेत कोणाच्या धक्क्याने लिव्हर दाबली गेली की पॅड एकमेकांस चिकटतात. कार्बनच्या सायकलीचे स्क्रू आवळण्यास टॉर्क दाखविणारा पाना लागतो. मनगटाच्या अंदाजावर तेथे विसंबू नये. हवाई कंपनीस सायकलची आगाऊ वर्दी द्यावी आणि वजनाची मर्यादा तिच्याकडूनच लेखी घ्यावी. सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवावी लागतात. पाने आणि हत्यारे मात्र मोठ्या सामानात. बूट, हेल्मेट आणि कपड्यांचा एक जोड आपल्याबरोबर विमानात असावा, म्हणजे खोका दोन दिवस उशिरा आला तरी सरावाचे दिवस बुडत नाहीत.

आता ज्यासाठी आम्ही खरे म्हणजे येथे उभे आहोत ती गोष्ट. स्पेनमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. हे सर्वांना ठाऊक असते. पण ठाऊक असणे निराळे आणि अंगात मुरणे निराळे. सकाळी ताज्या डोक्याने मनुष्य बरोबर चालतो. चौथ्या तासाला, थकवा आल्यावर, वळणाच्या पलीकडून अवचित बस समोर आली की वर्षानुवर्षांची सवय त्याला डावीकडे खेचते, आणि तेथे डावीकडे म्हणजे थेट बसच्या पुढ्यात. चौकातील वर्तुळाभोवतीची रहदारीही उलटी, म्हणजे घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरते. तेव्हा शिरण्यापूर्वी प्रथम डावीकडे पाहावयाचे. याचा अभ्यास आपल्या सार्वजनिक रस्त्यावर चुकूनही करू नये. एखाद्या शाळेचे मैदान रविवारी मागून घ्यावे, चुन्याची रेघ ओढावी, मध्ये चार विटा मांडून चौक करावा आणि रेघ सदैव आपल्या डाव्या हाताला ठेवून तासभर फिरावे. असे सहा-सात रविवार. हँडलच्या डाव्या मुठीला लाल चिकटपट्टी लावली की नजर पडताच ती रेघ आठवते. हसू येईल, परंतु आमच्या मते संपूर्ण सामानात या पट्टीइतके मोलाचे काही नाही. तेथे पोचल्यावरही पहिला दिवस अल्कुदिया आणि पोर्ट दे पोयेंसा यांमधील सपाट किनाऱ्यावरच काढावा.

घाटाची ओढ मात्र आवरत नाही, हे आम्ही जाणतो. बेटाच्या वायव्येस त्रामुंताना नावाची डोंगररांग आहे. २०११ साली तिची जागतिक वारशात गणना झाली. तिच्यातील सा कालोब्रा हा रस्ता १९३२ साली अंतोनियो पारिएत्ती या स्थापत्यविशारदाने आखला. सुमारे साडेनऊ किलोमीटर, सरासरी सात टक्के चढ, आणि एके ठिकाणी तर रस्ता गळ्यातल्या टायच्या गाठीप्रमाणे वळून स्वतःच्याच खालून जातो. गंमत अशी की हा रस्ता समुद्राशी संपतो. म्हणजे आधी उतरावयाचे आणि मग तेवढेच चढून यावयाचे. सिंहगड पाहून मागे वळण्याची सोय असते, ती येथे नाही. शिवाय सकाळी उशिरा पर्यटकांच्या बसगाड्या सुरू होतात. म्हणून उजाडताच निघावे.

गंगेच्या या सपाट मैदानात चढाचा सराव कोठे करावा? नदीच्या बंधाऱ्यावर समोरच्या वाऱ्याला तोंड देत, जड गिअरवर, बसूनच वीस-वीस मिनिटे सायकल चालविणे हा बराचसा पर्याय आहे. उतरण्याला मात्र पर्याय नाही. त्यासाठी महिनाभर आधी काठगोदामहून नैनितालचा घाट दोन-तीनदा करून यावा. शनिवार आणि रविवार असे लागोपाठ दोन दिवस लांब फेऱ्या आठ आठवडे तरी झालेल्या असाव्यात. एरवी आठवड्याला शंभर किलोमीटर चालविणाऱ्याने तेथे सहाशेचा हट्ट धरला की चौथ्या दिवशी गुडघा बसतो, आणि उरलेली सुटी हॉटेलच्या गच्चीतून समुद्र पाहण्यात जाते. चाळिशी ओलांडलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावे.

कपड्यांबद्दल फार सांगावयास नको. मार्चमध्ये किनाऱ्यावर दुपारी सतरा-अठरा अंश असतात, पण घाट उतरताना घामेजलेल्या अंगाला वारा कापतो. खिशात मावणारे वाराबंद जाकीट, बाहुमोजे आणि पूर्ण बोटांचे हातमोजे हवेत. पॅडेड चड्डीच्या आत दुसरे वस्त्र घालावयाचे नसते, हे वडीलधाऱ्यांसमोर सांगताना संकोच वाटतो; परंतु शिवणीने कातडे सोलवटल्यावरचा संकोच त्याहून मोठा असतो.

मातोश्रींच्या डब्यांकडे वळू. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. तेव्हा पेढे, खवा, तुपाची बरणी घरीच राहू द्यावी. ताजी फळेही बहुतेक अडतात. खजूर मात्र त्यातून सुटलेला आहे, आणि सायकलवर खिशात ठेवण्यास त्यासारखे दुसरे नाही. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याची वडी, मेतकूट खुशाल द्यावे. दोन-अडीच तासांहून लांब फेरीत ताशी साठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पोटात जावी लागतात. ही सवयही येथेच, सरावात, पोटाला लावून घ्यावी.

राहता राहिले कागद. शेंगेन व्हिसासाठी निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. परंतु विम्याचा कागद बारकाईने वाचावा, कारण काही विम्यांतून खेळाच्या सरावातील अपघात वगळलेले असतात. गावाबाहेरील रस्त्यांवर हेल्मेट तेथे कायद्यानेच सक्तीचे आहे. संकटकाळी ११२ हा क्रमांक फिरवावा. रक्तगट, घरचा दूरध्वनी आणि औषधांची वावडी यांची चिठ्ठी इंग्रजीत व स्पॅनिशमध्ये लिहून प्लास्टिकच्या पाकिटात जर्सीच्या खिशात ठेवावी. महाग सायकल नेणाऱ्यांनी निघताना येथील विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यातीचा दाखला करून घ्यावा, म्हणजे परतताना ती परदेशात खरेदी केली नाही हे सिद्ध करीत बसावे लागत नाही. त्यासाठी चौकटीवरील क्रमांक आणि खरेदीची पावती जवळ असू द्यावी, आणि विमानतळावर तासभर आधी पोचावे.

चहाच्या वेळी पेडल, पाना आणि रिकामा खोका व्यासपीठाशेजारी मांडून ठेवला आहे. ज्यांना बांधणी हाताने करून पाहावयाची असेल त्यांनी तेथे यावे.