लढाऊ विमाने आणि पदरमोडीची पुस्तके

(रौप्यमहोत्सवी समारंभात कामरेज येथे दिलेले भाषण)



महायुद्धातील लढाऊ विमानांची रचना व कामगिरी यांवर मराठीत पुस्तके निघावीत, आणि प्रकाशक मिळत नसेल तर ती लेखकाने स्वतः छापावीत, असा विषय मी आज मांडणार आहे. तापीकाठच्या कामरेजला विमानांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण संबंध आहे. १९४९ पर्यंत कामरेज हा बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील तालुका होता. येथील शेतकऱ्याचा सारा बडोद्याच्या खजिन्यात जाई. त्याच बडोद्याच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या तुकडीला १९४१ साली 'बडोदा' हे नाव मिळाले. ही तुकडी स्पिटफायर विमाने उडवीत असे.

१९४२ साली या तुकडीला सहाव्या नमुन्याची स्पिटफायर मिळाली. शत्रूची विमाने फार उंचावरून येत. तेथे हवा विरळ. पंखांना आधार कमी आणि वैमानिकाला श्वास अपुरा. म्हणून वैमानिकाची बैठक हवाबंद करून आत हवेचा दाब राखला आणि पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंचांवरून ४० फूट २ इंच केला. हा आकडा नुसता दिला तर वाचक विसरून जाईल. कारणासह दिला तर चौदा वर्षांच्या मुलालाही विमान कळू लागेल.

आकड्यांची दुसरी गोम वेगात आहे. हरिकेन व स्पिटफायर यांच्या आरंभीच्या नमुन्यांत मर्लिन हेच इंजिन होते. तरी स्पिटफायर वेगवान, कारण तिचा पंख पातळ. हरिकेनचा पंख जाड आणि मागचा सांगाडा नळ्यांचा, वरून कापड. ती मंद खरी, पण दुरुस्तीला सोपी. शिवाय एकाच विमानाचा वेग उंचीप्रमाणे बदलतो आणि इंधनाप्रमाणेही. १९४० साली शंभर ऑक्टेनचे पेट्रोल आले, तेव्हा कमी उंचीवर स्पिटफायरचा वेग ताशी सुमारे २५ मैलांनी वाढला. म्हणून उंची, इंधन आणि नमुना न सांगता नुसता वेग छापणे म्हणजे वाचकाची फसवणूक होय. बॉस्कम्ब डाऊन येथील चाचण्यांचे अहवाल लंडनमध्ये क्यू येथील अभिलेखागारात आहेत. आधार घ्यावा तो अशा कागदांचा, ऐकीव गोष्टींचा नव्हे.

स्वतः छापणाऱ्याला हे पथ्य अधिक कडक पाळावे लागते. प्रकाशकाकडे संपादक असतो. येथे लेखकच लेखक आणि लेखकच परीक्षक. म्हणून हस्तलिखित छापखान्यात जाण्यापूर्वी एखाद्या निवृत्त वायुसैनिकाने आणि एखाद्या अभियंत्याने ओळन् ओळ तपासावी.

आता पैशाची बाजू. आपल्या शेजारच्या सुरतेच्या कवी नर्मदांनी आपला 'नर्मकोश' १८७३ साली पदरच्या खर्चाने पुरा केला आणि कर्जाचे ओझे सोसले. त्यांचे कार्य वंद्य, पण त्यांचे कर्ज अनुकरणीय नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी दुसरी वाट धरली; मंडळी काढून भांडवल उभारले आणि २३ खंड पुरे केले. लहान पुस्तकासही हीच वाट बरी. आधी ग्राहक नोंदवावेत, मग तेवढ्याच प्रती काढाव्यात. आता थोड्या प्रतीही छापून मिळतात, त्यामुळे घरात गठ्ठे साचत नाहीत. मात्र १९५४ च्या कायद्याप्रमाणे कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास प्रत पाठवण्यास चुकू नये. लेखकाच्या मागे पुस्तक टिकते ते तेथे.

आपल्या वायुदलाचे माजी प्रमुख, महावीरचक्र मिळवणारे हृषीकेश मुळगावकर यांच्या आठवणी इंग्रजीत ग्रंथरूपाने आल्या. मराठी माणसाच्या पराक्रमाला मराठी पान मिळू नये काय?

विश्वस्तांना माझी एकच विनंती आहे. लेखकाला देणगी देऊ नका; एक छोटा फिरता निधी ठेवा. विक्रीचे पैसे परत निधीत यावेत आणि त्यातून पुढचे पुस्तक निघावे. दान एकदा संपते, पण फिरता पैसा दहा जणांच्या उपयोगी पडतो. या सभागृहात बसलेल्या मुलांपैकी एखादा उद्या विमान घडवील. त्याने पंखाचे पहिले गणित आपल्या भाषेत वाचलेले असावे, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.