आपला नंबर, आपली ओळख

मी नाचणगावहून बोलते आहे.

परवा बैठकीला एका ताईंना घ्यायला त्यांचा मुलगा आला. मोटारसायकलच्या तोंडावर मोठा पिवळा आकडा, ४६. आमच्या एका काकूंनी विचारलं, "तुह्या घराचा नंबर होय काय रे बाबू?" सगळ्या हसल्या. पण त्या पोराने जे सांगितलं, ते ऐकण्यासारखं होतं.

शंकरपटात जोडी आपण रंगावरून, शिंगांवरून ओळखतो. मोटारसायकलच्या शर्यतीत मात्र चेहरा हेल्मेटमध्ये झाकलेला. कोण पुढे गेलं, कोणाच्या किती फेऱ्या झाल्या, हे पाहणाऱ्याला नंबरावरूनच कळतं. कोणाला शर्यतीतून बाहेर काढायचं असेल, तर काळ्या झेंड्यासोबत त्याचा नंबर दाखवतात. म्हणजे तिथे नंबर हेच नाव.

४६ हा इटलीच्या व्हॅलेंटिनो रॉसीचा नंबर. तो १९७९ साली जन्मला आणि त्याच वर्षी त्याच्या वडिलांनी ४६ नंबर लावून शर्यत जिंकली होती. जगज्जेत्याला पुढच्या वर्षी १ नंबर लावायचा हक्क मिळतो. रॉसी सर्वांत वरच्या शर्यतीत सात वेळा जगज्जेता झाला, तरी त्याने ४६ सोडला नाही. लोक त्याला त्याच आकड्याने ओळखत होते. शेवटी २०२२ साली त्याच्या मानासाठी तो नंबर त्या शर्यतीतून कायमचा काढून ठेवला. स्पेनच्या मार्क मार्केझचा नंबर ९३, कारण त्याचा जन्म १९९३ चा. आणि आपली सांगलीत वाढलेली स्मृती मानधना? तिचा वाढदिवस १८ जुलै, आणि पाठीवर नंबर १८.

आता आपलं पाहू. गटाचा फॉर्म भरताना मी मोबाईल नंबर विचारते, तर पुष्कळ जणी नवऱ्याचा नाहीतर मुलाचा सांगतात. एका ताईंच्या बँक खात्याला असाच मुलाचा नंबर होता. मुलगा कामासाठी पुण्याला गेला, तिथे नवीन सिम घेतलं, जुनं टाकून दिलं. ऐन पेरणीत ताईंना पैसे हवे होते आणि ओटीपी जात होता त्या बंद नंबरावर. किती हेलपाटे झाले! पैसा त्यांच्या घामाचा, पण ओळख दुसऱ्याच्या नंबराची.

म्हणून स्वतःच्या नावाचं सिम घ्या आणि तोच नंबर खात्याला जोडा. रिचार्ज फार दिवस थांबवू नका, नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. कंपनी बदलायची असेल तरी नंबर बदलावा लागत नाही. इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला दहा आकडी नंबर टाका आणि १९०० वर मेसेज पाठवा. आणि ओटीपी कोणालाही सांगू नका.

पुढच्या बैठकीला पासबुक घेऊन या. कोणाच्या खात्याला कोणाचा नंबर आहे, ते बसून पाहू. आणि हो, आपला नंबर पाठ करून या.